सोफा कम बेड हवा आहे, आईला एकटीने उघडता-मिटता येईल असा (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके. हॉल तेरा बाय दहा. घरात आम्ही दोघं आणि नववीतली मुलगी. बेडरूममध्ये पलंग, कपाट आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल मावल्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही, त्यामुळे पाहुण्यांची सोय हॉलमध्येच करावी लागते. पाहुणे म्हणजे मुख्यतः माझी आई. ती चिपळूणला असते. वर्षातून तीन-चारदा येते, आणि डोळ्यांच्या तपासणीला आली की आठवडाभर तरी राहते. शिवाय पुतण्या परीक्षांना येतो आणि दिवाळीत नणंद आणि तिचे यजमान दोन रात्री असतात.

आईचं वय ७२. दोन्ही गुडघे दुखतात, ऑपरेशन केलेलं नाही.

सध्या हॉलमध्ये फोमचा तीन घड्यांचा सोफा कम बेड आहे. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवला होता. दाबून गुंडाळलेला, खोक्यातून आला, जिन्यातून वर न्यायला काही त्रास झाला नाही. तेव्हा आम्ही तेवढंच पाहिलं. त्याला सांगाडा नसतोच, नुसता फोम आणि वर कव्हर. नवा होता तेव्हा बसायची उंची १४ इंच होती. वर्षभरात नवऱ्याच्या रोजच्या जागी खळगा पडला, आता तो बसला की जेमतेम ११ इंच भरते. त्याची कंबर आधीच नाजूक आहे. हल्ली तो जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिच्यावर बसून बातम्या बघतो.

तरी आणखी वर्षभर ढकललं असतं. पण मे महिन्यात आई आली होती तेव्हाचं सांगते. पहिल्या रात्री मी सोफा उघडून चादर घालून दिली. पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठले, तर आई स्वयंपाकघरात अंधारात स्टुलावर बसलेली. हॉलमध्ये सोफा उघडाच आणि त्यावर चादरीची नीट घडी. म्हणाली, "मला तो मिटता येईना. तुम्ही उठलात की जायला-यायला अडचण होईल म्हणून खटपट केली, मग म्हटलं आवाज नको." चार वाजल्यापासून ती तशीच बसून होती. दुसऱ्या रात्रीपासून तिने ऐकलंच नाही. "मला खालीच बरं वाटतं गं, सवय आहे." चटईवर गोधडी टाकून झोपायची. सकाळी उठताना टीव्हीच्या टेबलाला धरून, आधी एक गुडघा टेकवून, मग दुसरा, असं दोन मिनिटं चालायचं. तिला खाली बरं वाटत नाही हे मला माहीत आहे. तिला कुणाची अडचण व्हायची नसते.

तेव्हा माझी पहिली अट ही, की पाहुण्याला तो एकट्याने, कुणाला न उठवता उघडता-मिटता आला पाहिजे. दुकानात विक्रेता एका झटक्यात उघडून दाखवतो. तो पंचविशीतला मुलगा असतो आणि दिवसातून वीस वेळा तेच करतो.

आता मापं. हॉलची रुंदी १० फूट, म्हणजे १२० इंच. समोरच्या भिंतीला टीव्हीचं युनिट १५ इंच, उरले १०५. ज्या सोफ्याचा बेड पुढे उघडतो, म्हणजे भिंतीकडे डोकं आणि खोलीकडे पाय करून झोपायचं, तो पाठीसकट ८५ इंच तरी खातो. वाट उरते २० इंचांची, आणि रात्री बाथरूमला जायची वाट नेमकी तीच. दुसरा प्रकार आडवा रुंद होतो: बसायचा भाग पुढे ओढायचा, पाठीच्या गाद्या मागच्या मोकळ्या जागेत घालायच्या आणि भिंतीला समांतर झोपायचं. त्याला पाठ धरून ५५ इंच लागतात, वाट चांगली ५० इंच राहते. तिसरा, पाठ मागे आडवी पाडायचा. तो दर वेळी भिंतीपासून पुढे सरकवावा लागतो. ते आईकडून होणार नाही.

एका रविवारी ठाण्याहून वाशीची लोकल पकडून तुर्भ्याच्या आयकियात गेलो. गर्दी होती, तरी झोपून बघायला कुणी हटकलं नाही, म्हणून प्रत्येकावर पाच-दहा मिनिटं कुशीवर आणि उताणी झोपून पाहिलं. एक गोष्ट तिथेच कळली. पुढे उघडणाऱ्यात गादीचे सांधे अंगाला आडवे येतात, आणि एक सांधा बरोबर कमरेखाली. आडव्या रुंद होणाऱ्यात सांधा अंगाच्या लांबीने जातो, एकटा माणूस एका बाजूला झोपला तर त्याला लागत नाही. खालचा कप्पा चाकांवर बाहेर काढून पट्ट्याने वर उचलायचा असाही एक होता. काढायला हलका, पण पट्टा धरायला पार वाकावं लागतं.

मग उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये शिसवी लाकडाचा, ओढून रुंद होणारा पाहिला. दिसायला सुरेख, गादी ४ इंची, बसायची उंची १६ इंच. मानपाड्याजवळचे एक सुतार प्लायचा तसाच करून देतो म्हणाले, ३६ हजार सांगितले. सगळे भाग सुटे आणून घरात जोडणार, म्हणजे जिन्याचा प्रश्न मिटतो. आमच्या जिन्याचं वळण इतकं अरुंद आहे की फ्रीज आणताना कठडा सोलला होता. आमचं बजेट ३५ ते ४० हजार.

ओढून रुंद होणारा कुणी रोज वापरतं का? पुढचा भाग ओढायला किती जोर लागतो, आणि सत्तरीच्या माणसाला जमतो का? रोज बसायला आणि आठवडाभर झोपायला एकच फोम चालतो का? आणि गुडघे दुखणाऱ्याला उंची किती हवी? वापरून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ऐरोलीकर

ताई, आमच्याकडे ओढून रुंद होणारा लाकडी सोफा सहा वर्षं आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, त्या एकट्या उघडतात. मात्र पहिलं वर्षभर नाही जमलं. लाकडी पाय फरशीवर घासत यायचे, आवाज व्हायचा आणि एक बाजू पुढे, एक मागे अशी अडकायची. मग सुताराकडून पुढच्या दोन पायांना चाकं लावून घेतली. चाकं ब्रेकवाली घ्या, नाहीतर बसताना सोफा मागे-पुढे होतो. आणि ओढायला मधोमध एक खाच किंवा मूठ करून घ्या. दोन टोकांना धरून ओढला की तिरका होऊन अडकतो.

माप घेताना सोफ्याच्या दोन हातांच्या आतलं घ्या. दुकानदार ७८ इंच सांगतात ते बाहेरून बाहेर असतं. आत ७२ तरी हवेतच, पुतण्या उंच असेल तर ७५.

पावसाळ्याचं एक सांगते. आमचा आधीचा सोफा रेक्झिनसारख्या कापडाचा होता. इथल्या दमट हवेत त्याच्यावरचा पातळ थर सुटून पापुद्रे निघाले, झोपलेल्याच्या अंगाला चिकटायचे. कापडाचीच कव्हरं घ्या आणि चेन लावून घ्या, म्हणजे काढून धुता येतात. पाहुणा झोपतो तिथे हे लागतंच.

जुना गादीवाला

माझं आयुष्य गाद्या आणि सोफे भरण्यात गेलं, म्हणून फोमबद्दल लिहितो.

लोक डेन्सिटी विचारतात आणि कडकपणा समजून घेतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, एवढंच. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. डेन्सिटीवर टिकाऊपणा ठरतो. हलका फोम आधी खाली बसतो, तुमच्या मिस्टरांच्या जागी झालं तसा. रोज बसायच्या जागेला ३२ च्या खाली जाऊ नका, ४० मिळाला तर उत्तम. सांगितलेलाच फोम देतात का ते तपासायची साधी रीत आहे. एक फूट बाय एक फूट, ४ इंच जाडीचा तुकडा मागून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ४० डेन्सिटीचा असेल तर पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरेल, ३२ चा तीनशेच्या आसपास. कारागीर प्रामाणिक असेल तर तुकडा द्यायला नाही म्हणणार नाही.

बसायला आणि झोपायला एकच फोम असेल तर कुठेतरी तडजोड होते. दोन थर लावा. खाली २ इंच रिबाँडेड, म्हणजे चुऱ्याचा दाबून केलेला कडक फोम, वर ३ इंच ४० डेन्सिटीचा. बसताना तळ लागत नाही आणि झोपताना कंबर खचत नाही. त्याहून मऊ हवं तर वर गोधडी घाला. कोकणातल्या माणसाच्या घरी ती असतेच.

प्लाय घेताना शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन, सतत पाणी लागतं तिथे वापरायचा, आयएस ३०३ म्हणजे साधा व्यापारी वापराचा, त्यातही पाण्याला टिकणारा आणि न टिकणारा असे दोन आहेत. हॉलमधल्या सोफ्याला ३०३ मधला पाण्याला टिकणारा पुरे, मरीनवर पैसे घालू नका. पण भुशाच्या दाबलेल्या फळीचा सांगाडा नको. ओल लागली की फुगते, आणि सरकता भाग ओढून ओढून तिचे स्क्रू सुटतात.

उंचीचं म्हणाल तर सर्वसाधारण सोफा १७-१८ इंच असतो. गुडघे दुखत असतील तर १९ करा. ती माणूस बसल्यावरची मोजा, रिकाम्या गादीची नव्हे.

नेरूळहून

धागा वाचून माझ्या आजीची आठवण आली, तीही अशीच पहाटे उठून बसायची.

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तुमची अट आईने एकटीने उघडावा-मिटावा ही आहे ना? मग उघडावाच लागणार नाही असं का बघत नाही? साधा दिवाण. सहा बाय तीन, भिंतीला लावून. आमच्याकडे सिडकोच्या जुन्या घरात पंधरा वर्षं तोच होता. दिवाणावर बसायला खोल वाटतं हे खरं, ३६ इंचांत पाय लोंबकळतात आणि पाठ टेकत नाही. त्यासाठी गोल लोड घेऊ नका, ते घरंगळतात. तिरप्या कापाच्या पाठीच्या उशा करून घ्या, खाली १४ इंच जाड, वर निमुळत्या. बसायला २२ इंच उरतात, पाठ भक्कम टेकते. रात्री त्या खुर्चीवर ठेवल्या की पूर्ण तीन फुटांचा सलग पलंग, कुठेही सांधा नाही.

आणि दुसऱ्या पाहुण्यासाठी दिवाणाखाली चाकांवरची ट्रॉली, तिच्यावर ४ इंची गादी. ती फक्त पुतण्या आला किंवा दिवाळीत दोघं आले की काढायची. दिवाणाची फळी १४ इंचांवर ठेवून वर ५ इंच गादी घातली तर उंची १९ होते आणि खाली ट्रॉली आरामात बसते. आईसाठी काहीच हलवायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूळच्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काही वेळ नुसती बसून राहिले. चार महिने मी उघडता कसा येईल तेच शोधत होते.

काल रात्री वर्तमानपत्रं चिकटवून जमिनीवर सहा बाय तीनचा आकार मांडला. टीव्ही युनिटपर्यंत ६९ इंच उरतात. ट्रॉली पूर्ण बाहेर काढली तरी वाट तीन फुटांच्या जवळपास राहते, मुलगी रात्री उठून बाथरूमला जाऊन आली. नवऱ्याने भिंतीला उशा रचून बसून पाहिलं. उशा साध्या होत्या तरी म्हणाला, कंबरेला हे बरं आहे, फक्त पाठीची उशी मऊ नको.

उंचीसाठी आईला फोन केला. दिवाण तिच्यासाठी आहे हे सांगितलं नाही, सांगितलं असतं तर "माझ्यासाठी कशाला खर्च" म्हणाली असती. नुसतं विचारलं की घरच्या तुझ्या खाटेवरून सहज उठता येतं ना, ती केवढी उंच आहे? ती गेली आणि मोजून आली. दोन वीत आणि चार बोटं. तिची वीत माझ्याएवढीच आहे, आठ इंच. म्हणजे १९ च.

जुन्या गादीवाल्या काका, सुतारांकडे फोमचा तुकडा मागितला आहे, गुरुवारी देतो म्हणाले. दिवाण आणि ट्रॉली मिळून ३३ हजारांत बसवतो म्हणतात, गाद्या वेगळ्या. प्लायचा शिक्का दाखवायला तयार आहेत.

आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रॉली सहा फुटी गादीसकट ओढायची म्हटल्यावर चाकं चार पुरतील की मध्ये आणखी दोन हवीत? आणि आई भिंतीला धरून उठत नाही, बाजूला काहीतरी धरायला लागतं. दिवाणाच्या डोक्याच्या टोकाला हाताच्या उंचीचा लाकडी कठडा केला तर दिवसा बसताना आड येईल का? सुतार सोमवारी मापं घ्यायला येणार आहेत, त्याआधी कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.