कुपोषण, खंगणे, चाळणी – शब्दचर्चा

रानजाई: मावशीला ऍडमिट केलंय, उंची 165 सेंमी, वजन 82 किलो. डायटिशियनने फॉर्म भरला आणि म्हणाली कुपोषणाचा धोका जास्त आहे. मावशीला इतकं लागलं ते, म्हणे कुपोषण मेळघाटातल्या बाळांना होतं, मला कसं काय? मलाही कळेना. हा शब्द इथे बरोबर आहे का, आणि दुसरा कुठला आहे का?

वॉर्डातली_ताई: मी हेच काम करते म्हणून सांगते, शब्द बरोबर आहे. बहुतेक मस्ट फॉर्म असेल, कुपोषणाचा धोका ओळखायचा, ब्रिटनमधला, 2003 चा. त्यात तीन गोष्टी बघतात: बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन), गेल्या तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेलं वजन आणि आजारपणामुळे पाचपेक्षा जास्त दिवस पोटात अन्न गेलं नाही किंवा जाणार नाही असं आहे का. मावशींचा बीएमआय 30 येतो, तिथे शून्य गुण. पण आधी वजन किती होतं? 92 वरून 82 झालं असेल तर ते 10 टक्क्यांच्या वर गेलं, त्याचे 2 गुण, आणि 2 म्हणजे धोका जास्त. जाड माणसाचे स्नायू झडत असले तरी वरून दिसत नाही हो, म्हणून तर सगळ्यांनाच विचारायचं असतं, नुसतं बघून ठरवायचं नाही. जलोदर किंवा पायावर सूज असेल तर काटाही फसवतो, पाण्याचंच वजन दाखवतो.

आडवाटेचा: शब्दातच उत्तर आहे की. कु म्हणजे वाईट, कमी नव्हे. कुपथ्य म्हणतो तसंच. कमी पोषणाला अल्पपोषण हा वेगळा शब्द आहे, पण आपल्याकडे पेपरात कुपोषण कायम अंगणवाडीतल्या मुलांच्या बातमीत येतं त्यामुळे डोळ्यासमोर हाडाची काडं झालेलं पोरच येतं. घरात बोलायला मला खंगणे आवडतं. रोडावणे म्हणजे नुसतं बारीक होणं, खंगण्यात आजार आला.

वॉर्डातली_ताई: पण 82 किलोच्या बाईला खंगलात म्हटलं तर त्या ऐकून घेतील का? मी म्हणते, अंगातली ताकद झडतेय, ती थांबवायचीय. आणि स्क्रीनिंगला चाळणी म्हणते, तपासणी नाही. तपासणी म्हटलं की लोकांना निदान झालं वाटतं, चाळणीत फक्त कोणाकडे नीट बघायचं ते कळतं.

रानजाई: ताई, वजन आधी 91-92 च होतं. दिवाळीपासून तिच्या पाटल्या सैल झाल्यात, अंगठीला दोरा गुंडाळलाय, आणि आम्ही सगळे म्हणत होतो बरं झालं बाई बारीक झालीस. जेवण जात नाही असं ती दोनदा बोललेली. आता ताकद झडतेय असं सांगितलं तर लगेच म्हणाली, हो गं, जिना चढवत नाही.