गरोदरपणातला आहार-व्यायाम आणि मुलांचा पुढचा मधुमेह: आईला किती धारेवर धरायचं?

अबोली: नणंदेला पाचवा महिना लागलाय. घरात रोज साजूक तुपातला शिरा, आणि वर "जिना चढू नकोस". डॉक्टरांनी कसलीही मनाई केलेली नाही. हे लाड मला घातक वाटतात. आईची साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागतं, अंगावर चरबी चढते. अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका जास्त. गुंतागुंत नसेल तर आठवड्याला 150 मिनिटं हालचाल करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. रोज चालायला काय हरकत आहे?

सातारी: ताई, हा सल्ला सोसायटीतल्या बायकांना ठीक. आमच्याकडे सातव्या महिन्यातही बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, दुपारी खुरपायला जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्यांना कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान. सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. हातापायांवर मांस नाही, पण पाठीवरची चरबी जवळजवळ तेवढीच! मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. या बायकांना विसावा हवा, व्यायाम नको.

अबोली: मी हंडा वाहण्याला व्यायाम म्हणतच नाहीये. पण गावातून शहरात आलेली, दिवसभर खुर्चीत बसणारी मुलगीही त्याच घरातली असते. तिलाही "पडून राहा"च सांगितलं जातं.

कोथरूडकर: मला दोघींचंही पटत नाही. नऊ महिन्यांवरच सगळा भार कशाला? मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एका अभ्यासात बायकांना दिवस राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ रोज दिला. गरोदरपणातला मधुमेह त्या गटात 7.3 टक्के, साध्या खाऊच्या गटात 12.4. बाळांचं वजन मात्र सरसकट वाढलं नाही. म्हणजे डोहाळजेवणाला फळांची ताटं मांडून फार काही साधत नाही. पोरगी चौदा-पंधराची असताना तिच्या ताटात दूध आणि मेथी पडते का, ते आधी बघा. आणि मुलाला चाळिशीत शुगर निघाली की त्याचा जाब आईला विचारणं बंद करा.

सातारी: हे मान्य. पण ताटाचं बोलताय तर बी-12 हे जीवनसत्त्व का सोडता? त्याच सहा गावांत बहुतेक आयांमध्ये ते कमी होतं. ज्यांचं बी-12 कमी आणि फॉलेट (फॉलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होतं. आशाताई देतात त्या गोळ्यांत लोह आणि फॉलिक आहे, बी-12 नाही. ते घालायला हवं, ही माझी मागणी आहे.

अबोली: मागणी रास्त आहे. फक्त हे वाचून कुणी फॉलिकची गोळी बंद करू नका. बाळाच्या मणक्यातले जन्मदोष तिच्यामुळे टळतात.