कप्स सर्व्हर बदलतोय, साठ क्यू आहेत: ईटीसीमधली कप्स डिरेक्टरी तशीच कॉपी करू का?

प्रश्न: बर्डी_सिसॲडमिन, नागपूर

आमचा प्रिंट सर्व्हर सेन्टओएस 7 वर आहे, कप्स (लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळणारी प्रणाली) 1.6.3. त्या ओएसचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला, म्हणून नवं मशीन अल्मालिनक्स 9 वर उभं केलंय, कप्स 2.3.3. एकूण साठ क्यू (प्रत्येक प्रिंटरची जॉबची रांग): सीताबर्डीच्या ऑफिसात 38 लेझर, वाडीच्या गोदामात बिलांसाठी 14 डॉट मॅट्रिक्स, बुटीबोरीच्या प्लांटला 8 लेबल प्रिंटर. तिन्ही जागांचे सबनेट वेगळे, मध्ये लीज्ड लाइन. बिलिंग एआयएक्सवर (आयबीएमचं युनिक्स) चालतं आणि तिथून एलपीआरने (नेटवर्कवरून छापायची जुनी पद्धत) या सर्व्हरकडे जॉब येतात.

चाचणीसाठी कप्सची अख्खी डिरेक्टरी टार करून (एका फाइलीत गुंडाळून) नव्या मशीनवर उघडली. बरेच लेझर छापतात, काहींवर 'फिल्टर फेल्ड' येतं. एकेक दुरुस्त करत जाऊ की दुसरी पद्धत घेऊ? बिलिंग एक तासाच्या वर बंद ठेवता येणार नाही.

उत्तर: धंतोली_रूट

टार पुसून टाका, क्यू नव्याने बांधा. साठ क्यूंची स्क्रिप्ट अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढच्या वेळीही तीच कामी येईल.

प्रिंटर्स डॉट कॉन्फ (क्यूंची यादी) ही कप्सडीची, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या कप्सच्या डीमनची, स्वतःची फाइल आहे. डीमन चालू असताना तुम्ही ती बदलली तर तो आपल्या मेमरीतली प्रत पुन्हा वर लिहितो आणि तुमचे बदल जातात. शिवाय जुन्या पीपीडी (प्रिंटरचं वर्णन असलेल्या फाइली) जशाच्या तशा आल्या की त्यांत नाव असलेलं फिल्टर (जॉब प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) नव्या मशीनवर असेलच असं नाही. तुमचं 'फिल्टर फेल्ड' बहुतेक त्यातलंच. प्रत्येक पीपीडीत 'कप्सफिल्टर' ही ओळ ग्रेप करा आणि त्या नावाची फाइल यूएसआर-लिबमधल्या कप्सच्या फिल्टर डिरेक्टरीत आहे का बघा. फाइल असूनही चालत नसेल तर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) लावा. कंपन्यांचे जुने ड्रायव्हर पुष्कळदा 32 बिटचे असतात आणि त्यांच्या लायब्ररी नव्या मशीनवर नसतात. फूमॅटिक-रिप हे फिल्टर मागत असेल तर कप्स-फिल्टर्स पॅकेज राहिलं आहे.

यादीसाठी जुन्या सर्व्हरवर 'एलपीस्टॅट -व्ही' चालवा. क्यूचं नाव आणि यूआरआय (प्रिंटरचा पत्ता) दोन्ही मिळतात. प्रत्येक क्यूचे डिफॉल्ट (ड्युप्लेक्स, ट्रे, ए4) 'एलपीऑप्शन्स -पी नाव -एल' मध्ये तारांकित दिसतात. ईटीसीतल्या कप्समध्ये एलपीऑप्शन्स नावाची वेगळी फाइल असते, तीही उघडून पाहा. ती हमखास विसरली जाते आणि मग "कालपर्यंत दोन्ही बाजूंनी छापत होतं" असे फोन सुरू होतात.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक क्यूला एक एलपीॲडमिन ओळ: लहान पीपुढे नाव, लहान व्हीपुढे यूआरआय, मोठ्या पीपुढे पीपीडी, आणि शेवटी मोठा ई. हा ई नावाच्या आधी आला तर त्याचा अर्थ एन्क्रिप्शन असा होतो. नावानंतर आला तरच क्यू चालू होऊन जॉब घेऊ लागतो.

नव्या लेझरना पीपीडीऐवजी '-एम एव्हरीव्हेअर' द्या, यूआरआय आयपीपीचा (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल). कमांड चालवताना प्रिंटर सुरू हवा, कारण एलपीॲडमिन त्याच क्षणी त्याची माहिती त्याच्याकडूनच घेतं.

उत्तर: वाडी_गोदाम_आयटी

डॉट मॅट्रिक्स आणि लेबलला ड्रायव्हर अजिबात लावू नका. दोन्हींसाठी '-एम रॉ', म्हणजे जॉब न बदलता तसाच प्रिंटरकडे जातो. रॉ क्यू पुढे बंद होणार अशी सूचना दिसेल, पण 2.3 वर ते नीट चालतात.

चुकून ड्रायव्हर लागला तर लगेच ओळखता येतं. लेबलवर बारकोडऐवजी '^एक्सए'ने सुरू होणारा कोडच छापून येतो. डॉट मॅट्रिक्स ग्राफिक्स मोडमध्ये जातो, कुरकुरत सावकाश छापतो. 10 × 12 इंचांच्या कागदावर इंचाला 6 ओळींनी 72 ओळी बसतात. फिल्टरने पानाची लांबी वेगळी धरली की प्रत्येक बिल थोडं थोडं सरकतं आणि पाचव्या-सहाव्या बिलाला एकूण रक्कम छिद्रांच्या रेषेवर येते. म्हणून कप्सचं टेस्ट पेज नको, खऱ्या बिलांची फाइल सलग दहा वेळा पाठवून पाहा.

डॉट मॅट्रिक्स बाहेरच्या प्रिंट सर्व्हर डब्यावर असेल आणि कागद निघूनही जॉब 'प्रोसेसिंग'वरच अडकत असेल, तर सॉकेट यूआरआयच्या शेवटी 'वेटईओएफ=फॉल्स' जोडा. काही डबे शेवटचा निरोप देतच नाहीत, कप्स वाट पाहत बसतं.

आणि एआयएक्स! एलपीआर 515 पोर्टवर येतं, नुसतं कप्स तिथे ऐकत नाही. कप्स-एलपीडी पॅकेज टाकून त्याचं सॉकेट युनिट एनेबल करा. कप्सडी डॉट कॉन्फमधली बंधनं या सेवेला लागू होत नाहीत, म्हणून फायरवॉलमध्ये 515 फक्त एआयएक्सच्या आयपीला उघडा.

बर्डी_सिसॲडमिन

515 चं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद भाऊ. दोन्ही सर्व्हर काही दिवस सोबत चालवले तर एकाच प्रिंटरवर भांडतील का?

उत्तर: धंतोली_रूट

नाही. 9100 पोर्टवर (सॉकेट यूआरआय वापरतो ते) प्रिंटर साधारण एका वेळी एकच कनेक्शन घेतो, दुसरा सर्व्हर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. कामाच्या वेळेतही चाचणी करा.

बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (नावाचा आयपी क्लायंट किती वेळ लक्षात ठेवतो ती मुदत) 300 सेकंदांवर आणा. ठरलेल्या वेळी जुन्या सर्व्हरवर 'कप्सरिजेक्ट' (नवे जॉब घेणं बंद), मग 'एलपीस्टॅट -ओ' (उरलेल्या जॉबची यादी) रिकामं होईपर्यंत थांबा, मग जुनं नाव नव्या आयपीकडे वळवा. एआयएक्समध्ये आयपीच लिहिलेला असेल तर तिथे हाताने बदला. नव्या मशीनचं खरं नाव वेगळं असल्याने कप्सडी डॉट कॉन्फमध्ये जुन्या नावाचा 'सर्व्हरअलायस' लागेल, नाहीतर क्लायंटला '400 बॅड रिक्वेस्ट' येतो. 'अलाउ @लोकल' एवढंच ठेवलं तर बर्डीवाले छापतील आणि वाडी-बुटीबोरीला '403 फॉरबिडन', कारण त्यात सर्व्हरचेच सबनेट धरले जातात. बाकीचे दोन सबनेट स्वतंत्र ओळींत लिहा.

बुटीबोरीच्या आठही क्यूंना 'प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब' द्या. मूळ सेटिंग स्टॉप-प्रिंटर असतं: जॉब जाताना लाइन तुटली आणि बॅकएंड (प्रिंटरकडे जॉब पाठवणारा कप्सचा भाग) नापास झाला की क्यू थांबतो, आणि लाइन आली तरी कोणी 'कप्सएनेबल' करेपर्यंत थांबलेलाच राहतो. रात्रपाळीत तिथे ते करणारं कोणी नसतं. रीट्रायचे प्रयत्न मुळात 5 आणि अंतर 30 सेकंद; तुमची लाइन जितका वेळ जाते त्या हिशेबाने 'जॉबरीट्रायलिमिट' आणि 'जॉबरीट्रायइंटरव्हल' वाढवा.

जुनं मशीन महिनाअखेरची बिलं निघेपर्यंत बंद करू नका. महिन्यातून एकदाच वापरले जाणारे क्यू तेव्हाच समोर येतात.