चर्चा: स्पीकर तेच, खोली तीच, मग नवा डॅक कशाला?

खर्ज (धागाकर्ता):
घरच्या हायफायमध्ये डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) बदलायची खाज वर्षा-दोन वर्षांनी प्रत्येकाला सुटते. माझं मत रोखठोक आहे. गेल्या दहाएक वर्षांतला धड चालणारा डॅक घरात असेल, तर पन्नास हजारांचा नवा घेऊन कानाला काही मिळत नाही.

१९८२ साली सीडी आली तेव्हा तिचे १६ बिट (आवाज किती बारकाईने मोजलाय त्याचं माप) नीट सांभाळणं खरंच अवघड होतं. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचीच चिप होती, चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मूळ नमुन्यांच्या मध्ये हिशोबाने आणखी नमुने भरणं) करून तिच्याकडून १६ बिटांचं काम काढून घेतलं होतं. त्या काळी 'डॅक बदला, आवाज बदलेल' यात तथ्य होतं. आज ॲपलचा फोनला लावायचा चिमुकला डोंगलसुद्धा मोजमापात सीडीची ९६ डेसिबलची मर्यादा (सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांतलं अंतर) गाठतो.

२००७ साली बोस्टन ऑडिओ सोसायटीच्या मेयर आणि मोरान यांनी एसएसीडीच्या (सीडीहून वरच्या दर्जाची डिस्क) वाटेत मुद्दाम १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाचा अडथळा घातला आणि लोकांना फरक ओळखायला लावला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

तबकडी:
खर्जराव, तुमचा हा मेयर-मोरान प्रत्येक धाग्यावर हजर असतो. त्यांनी वापरलेल्या काही डिस्क मुळातच उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेल्या नव्हत्या, ही टीका तेव्हाच झाली होती. २०१६ मध्ये ध्वनिसंशोधक जोशुआ राइस यांनी सीडी आणि तिच्याहून वरचा दर्जा यांतला फरक कानाला कळतो का हे पाहणारे १८ प्रयोग एकत्र करून पाहिले, त्यात बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि आधी कान तयार करून घेतलेल्यांची त्याहून बरीच जास्त. म्हणजे फरक आहे. तो तुम्हाला ऐकू येत नसेल तर तो तुमचा प्रश्न.

मी गेल्याच आठवड्यात डॅक बदलला. तानपुऱ्याची जवारी, तो तारांचा झंकार, आता सुटी ऐकू येते, गायकाच्या मागे घुटमळत नाही. आकडे तुमच्याकडे ठेवा.

खर्ज:
राइस यांचा अभ्यास फॉरमॅटचा (ध्वनिमुद्रण कुठल्या दर्जात साठवलंय याचा) होता, डॅकचा नव्हे. (मेयर-मोरानचाही फॉरमॅटचाच, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण ॲनालॉगचे आकडे आणि आकड्यांचं पुन्हा ॲनालॉग, अशी सबंध फेरी वाटेत घालूनही कळलं नाही, एवढं तरी त्यातून निघतं.)

आता सांगा, दोन्ही डॅकच्या आवाजाची पातळी जुळवली होतीत का? नेहमीचं आउटपुट २ व्होल्ट असतं, कित्येक नवे डॅक २.५ व्होल्ट देतात. एवढ्यानेच आवाज जवळपास २ डेसिबलने चढतो. इतका फरक 'मोठा झाला' असा जाणवत नाही, 'खुलला' असा जाणवतो. विकणारे हे पक्कं ओळखून असतात.

तबकडी:
पातळी कानाने जुळवली. चाळीस वर्षं मैफिली ऐकतोय, तेवढं कळतं.

ओहम_काका:
कानाने नाही जुळत हो. मल्टिमीटर घ्या, स्पीकरच्या टर्मिनलवर लावा. साधे मीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला गंडतात, म्हणून १०० हर्ट्झचा टोन वाजवा. दोन्ही डॅकचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत आले म्हणजे फरक ०.१ डेसिबलपेक्षा कमी उरला.

पण तबकडी, त्याआधी एक विचारतो. तुमच्याकडे ॲम्प कुठला आहे? साधा स्टिरिओ की एव्ही रिसीव्हर, सिनेमाचाही आवाज सांभाळणारा?

तबकडी:
एव्ही रिसीव्हर. त्याच्यातला डॅक सुमार असणार, म्हणूनच तर बाहेरचा घेतला. आरसीए (ॲनालॉग) केबलने जोडलाय.

ओहम_काका:
आणि रूम करेक्शन, खोलीप्रमाणे आवाज सुधारून घेणारी सोय, चालू?

तबकडी:
असतं चालू. सिनेमासाठी लावून ठेवलंय.

ओहम_काका:
मग ऐका. रूम करेक्शन डिजिटलमध्ये चालतं. तुमच्या नव्या डॅकने आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल केला, तो रिसीव्हरमध्ये शिरला, तिथे त्याचे पुन्हा आकडे झाले, करेक्शन झालं, आणि बाहेर पडताना तो रिसीव्हरच्याच 'सुमार' डॅकमधून गेला. पन्नास हजारांचा पाहुणा दारातून आत आला आणि स्वयंपाक जुन्याच आचाऱ्याने केला.

तबकडी:
गाणं मी प्युअर डायरेक्टवर ऐकतो. तेव्हा हा सगळा प्रकार बंद असतो. आधी रिसीव्हरच्याच डॅकवर ऐकायचो तेव्हा मात्र करेक्शन चालूच राहायचं.

खर्ज:
घ्या! म्हणजे तुलना दोन डॅकची नव्हतीच. एकीकडे करेक्शन चालू, दुसरीकडे बंद. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास जी लाट उभी राहते ती काही डेसिबलने फुगते. त्या फरकापुढे डॅकचा फरक कुठे शोधणार? खाली फरशी, चहूकडे सिमेंटच्या भिंती. त्या पन्नास हजारांतले पाच हजार जाड पडद्यांना आणि सतरंजीला द्या.

मृद्गंध:
तुमचं चालू द्या. मी डॅक घेतला तो घरात टीव्ही, लॅपटॉप आणि सीडी प्लेअर असं सगळंच आहे आणि ॲम्पला डिजिटल इनपुट एकही नाही म्हणून. रिमोटवर व्हॉल्यूमही आला. आवाजात फरक पडला की नाही ते मी शोधलंच नाही.

हो, एक मात्र झालं. लॅपटॉप यूएसबीने जोडला की चार्जर लावल्याबरोबर घूंऽऽ सुरू व्हायचं. दुकानदार म्हणाला, महागातला डॅक घ्या. ऑप्टिकल केबल लावली, घूं बंद. तिच्यातून वीज जातच नाही, मग अर्थिंगचं भांडण कशाला होईल!

तबकडी:
प्युअर डायरेक्टचं मान्य, पुन्हा करून पाहीन. पण 'सगळे डॅक सारखे' हे तरीही खोटं आहे. माझा नवा डॅक ओव्हरसॅम्पलिंग न करणारा आहे. तो वेगळा वाजतो हे तुमचे मोजमापवालेही नाकारत नाहीत.

खर्ज:
नाकारत नाही. ओव्हरसॅम्पलिंगबरोबर येणारा फिल्टर नसेल तर सीडीच्या ४४.१ वर २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून अधिक घट होते, १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल. जवारी 'सुटी' वाटायला वरचा भाग वाढायला हवा, तुमचा तर कमी झालाय! हाच परिणाम टोन कंट्रोल किंचित फिरवून फुकटात मिळतो.

तबकडी:
टोन कंट्रोल फिरवणारा माणूस गाणं ऐकत नाही, बटणं ऐकतो.

ओहम_काका:
भांडू नका. तबकडी, प्युअर डायरेक्ट दोन्ही वेळा चालू ठेवा. जुना, म्हणजे रिसीव्हरमधला, वाजवताना रिसीव्हरला डिजिटल द्या, नवा आरसीएनेच. पातळी मीटरने जुळवा. इनपुट दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा, आणि तुमची पाठ त्याच्याकडे असू द्या. गाणं असं निवडा की ज्यात वरचे स्वर खरोखर आहेत. करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्यांवर हे करू नका, तिथे वर खरखरीशिवाय फारसं काही नाही.

तबकडी:
खाँसाहेबांना मध्ये आणू नका. रविवारी मुलाला बसवतो इनपुट बदलायला. डॅक परत करायची मुदत मंगळवारपर्यंत आहे.

खर्ज:
बिल आणि खोका जपून ठेवा.