रात्रीच्या जेवणाची डावी बाजू : आपापल्या घरचे अनुभव लिहा

आमच्या घरी रात्री सहा माणसे एकत्र जेवायला बसतात. सासऱ्यांना कवळीमुळे कच्चे, कडक असे काही चावत नाही, धाकट्या मुलीला तिखट सोसत नाही, आणि मी कामावरून घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजून गेलेले असतात. पोळ्या, एक भाजी आणि वरण-भात एवढे रोज होतेच; परंतु पानाची डावी बाजू रिकामी राहिली, किंवा तिथे रोज तेच बाटलीतले लोणचे आले, की सगळ्यांचे जेवण नुसते उरकल्यासारखे होते, हे मला गेल्या वर्षभरात प्रकर्षाने जाणवले. म्हणून आपल्या सर्वांना विनंती आहे की सणावाराचे नव्हे, तर रोजच्या रात्रीचे, १०-१५ मिनिटांत होणारे तोंडीलावणे आपल्या घरी कोणते होते, ते प्रमाणासह लिहावे. काही बिघडले असेल तर तेही लिहावे, कारण त्याचा उपयोग अधिक होतो.

सुरुवात मी करते. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी लाल भोपळ्याचे भरीत होते, आणि त्यासाठी वेगळी शेगडी पेटवावी लागत नाही. वरण-भाताचा कुकर लावताना सर्वांत वरच्या भांड्यात पाव किलो भोपळ्याच्या सोललेल्या मोठ्या फोडी पाणी न घालता ठेवते. कुकर उघडला की फोडी चमच्याने मोडते आणि पूर्ण निवल्यावर त्यात पाऊण वाटी दही, दोन चमचे दाण्याचे कूट, मीठ आणि थोडी साखर घालून वरून मोहरी-हिंगाची फोडणी देते. फोडणीत मिरचीचे तुकडे मोठे ठेवले की मुलीच्या वाटीतून ते सहज काढता येतात. पहिल्या वेळी घाईने गरम भोपळ्यातच दही कालवले, तेव्हा ते फुटून सगळ्याचे आंबट पाणी झाले होते. आता कुकर उघडल्यावर भोपळ्याचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवते आणि तेवढ्या वेळात पोळ्या लाटून घेते.

*

निवृत्तीनंतर आमच्या घरातली डावी बाजू माझ्याकडे आली. पत्नी भाजी-पोळी करते आणि मी कोशिंबीर करतो, असे गेली सहा वर्षे चालले आहे. मी केवळ खमंग काकडीविषयी लिहिणार आहे, कारण इतका साधा पदार्थ मला नीट जमायला बरेच महिने लागले.

माझी आई काकडी किसत नसे, विळीवर कोचवत असे. सोललेली काकडी डाव्या हातात धरून तिच्या टोकावर विळीच्या पात्याने जवळजवळ उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या, आणि मग तो चिरा पाडलेला भाग पातळ कापून खाली पाडायचा, ही ती पद्धत. किसलेल्या काकडीचा लगदा होतो आणि तिला पाणी फार सुटते. कोचवलेल्या काकडीचा प्रत्येक कण वेगळा राहतो आणि दाताखाली कुरकुरतो. मला विळीवर बसणे गुडघ्यांमुळे शक्य नाही, म्हणून मी हाच प्रकार धारदार सुरीने ताटावर करतो. हात बसायला वेळ लागला, पण आता चार माणसांपुरत्या दोन मोठ्या काकड्यांना मला आठ मिनिटे पुरतात.

दुसरी गोष्ट मिठाची. काकडीला मीठ लागले की ते तिच्यातले पाणी ओढून घेते, हे सर्वांना ठाऊक असते, तरीही आपण सगळे साहित्य एकदमच घालून मोकळे होतो. मी काकडी, ओले खोबरे, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि साखर एकत्र करून झाकून ठेवतो, आणि पाने मांडली जात असताना मीठ व भरपूर कूट घालून वर फोडणी ओततो. कूट अगोदर घातले तर ते पाणी पिऊन फुगते आणि त्याचा खमंगपणा जातो. उपासाच्या दिवशी तूप-जिऱ्याची फोडणी असते, एरवी तेल, मोहरी आणि हिंग. काकडी चिरण्यापूर्वी तिचे टोक कापून एक चकती चाखून पाहण्याची सवय मात्र अवश्य ठेवावी. पाहुणे जेवायला असताना एकदा एका कडू काकडीने संपूर्ण कोशिंबीर वाया गेली, आणि त्या दिवशी करण्यासारखे दुसरे काही घरात नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

*

मी मूळची सोलापूरची, सध्या ठाण्यात राहते. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी नाही असे जेवण मला माहेरी आठवत नाही. ही चटणी कुटायची असते. उखळात कुटताना दाण्यातले तेल सुटते, तिखट आणि लसूण त्या तेलात मुरतात, आणि चटणी किंचित ओलसर, बोटांनी दाबली तर गोळा होईल अशी बनते. इथे उखळ नाही. मिक्सर सलग फिरवला तर आधी कोरडी पूड होते आणि पुढे भांड्याच्या तळाशी चिकटणारा लगदा होतो, हे दोन्ही मी करून बसले आहे. शेवटी जमलेली रीत अशी : दोन वाट्या दाणे मंद आचेवर पंधरा मिनिटे भाजून, सोलून, पूर्ण गार करावेत. दहा-बारा लसणीच्या पाकळ्या, एक चमचा जिरे, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ अगोदर फिरवून मग दाणे घालावेत, आणि मिक्सर क्षणभर चालू, लगेच बंद, असे आठ-दहा वेळा करून प्रत्येक वेळी चमच्याने खालची चटणी वर आणावी. शेवटी ती परातीत काढून दगडी बत्त्याने पाच मिनिटे रगडली तर उखळातल्या चटणीच्या पुष्कळ जवळ जाते.

ही चटणी रविवारी केली की बुधवार-गुरुवारपर्यंत तिची दोन-तीन रूपे होतात. पहिल्या दिवशी नुसती, भाकरीबरोबर. नंतर घट्ट दह्यात कालवून. आणि घाईच्या दिवशी तिच्यावर कच्चे तेल घालून बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा. आमची मुले दह्यातली चटणी आवडीने खातात, कारण दह्याने तिखट बरेच उतरते.

*

कोल्हापूरकडचा खर्डा अजून कोणी लिहिला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. सात-आठ हिरव्या मिरच्या आणि मूठभर लसूण लोखंडी तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजाव्यात, मूठभर भाजलेले दाणे आणि जाड मीठ घालावे, आणि तव्यावरच तांब्याच्या किंवा वाटीच्या बुडाने रगडावे. मिक्सर अजिबात नको. तवा खाली उतरवून रगडावे आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण मिरचीचा खाट, म्हणजे ठसका आणणारा धूर, फार उठतो आणि घरात दम्याचे कोणी असेल तर त्यांना त्रास होतो. मूळ प्रश्नातल्या मुलीसाठी हा पदार्थ नाही. पण घरातल्या तिखट खाणाऱ्यांसाठी एवढा एक खर्डा वाटीत असला की भाजी सर्वांना चालेल अशी बेताच्या तिखटाची करता येते, आणि आमच्या घरात याच कारणाने तो रोज असतो.

*

नागपूरची जवसाची चटणी. जवस कोरडे भाजताना तडतडू लागले की लगेच उतरवावेत. आणखी अर्धे मिनिट ठेवले तर कडवट होतात, आणि तो कडवटपणा मग कशानेच जात नाही. सुके खोबरे, तीळ, लाल मिरच्या, जिरे आणि मीठ यांच्याबरोबर भरड वाटावेत. जवसाच्या तेलाला खवट वास लवकर येतो, म्हणून मी एका वेळी एकच वाटी जवस घेते आणि डबा फ्रिजमध्ये ठेवते. जेवताना वर कच्चे तेल हवेच.

*

आम्ही न्यू जर्सीत १४ वर्षे आहोत. इथे वेळेइतकाच साहित्याचाही प्रश्न असतो, म्हणून माझा अनुभव परदेशातील वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते. दुकानातले दही गोडसर आणि फार घट्ट असते. त्यात थोडे दूध आणि लिंबाचा रस घालून ते फेटून घेतले तर कोशिंबिरीला बरे लागते. खोवलेले नारळ गोठवलेले मिळते, ते कोशिंबिरीत थेट घालू नये. सुटलेले पाणी काढून टाकावे.

आमच्या घरी सर्वांत जास्त होते ती कोबीची पचडी, कारण कोबी फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. सकाळी कामावर जाताना अर्धी वाटी मुगाची डाळ भिजत घालते. संध्याकाळी ती निथळून, अगदी बारीक चिरलेल्या दोन वाट्या कोबीत मिसळते, मीठ, साखर, लिंबू आणि कोथिंबीर घालते, आणि हिंग, मोहरी, हळद व मिरचीची फोडणी देते. ही कोशिंबीर काकडीच्या उलट आहे : फोडणी घालून दहा मिनिटे मुरू दिली तर कोबीचा उग्रपणा कमी होतो. माझ्या मुलांना लहानपणी डाळ कच्ची लागत असे, तेव्हा मी ती फोडणीतच एक मिनिट परतून घेत असे.

सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांनी त्याच पद्धतीने लाल मुळ्याची कोशिंबीर करून दाखवली आणि मुळ्याचा कोवळा पालाही बारीक चिरून त्यात घातला. मी तोपर्यंत तो पाला दर आठवड्याला फेकून देत होते. आता मुळे घेताना मी आधी पाला पाहते.

*

गोव्यात आमच्या घरी कापां करतात, म्हणजे भाज्यांच्या चकत्या रवा लावून तव्यावर परतलेल्या. नीरफणस, सुरण, वांगे, कच्ची केळी, ज्या मोसमात जे असेल ते. बोटाच्या अर्ध्या जाडीची कापां कापून मीठ, हळद, तिखट आणि हिंग चोळावे, दहा मिनिटांनी रव्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळून त्यात घोळवावे, आणि मंद आचेवर बाजूने तेल सोडत दोन्हीकडून खरपूस करावे. सुरणाला खाज असते, ती त्यातल्या टोकदार स्फटिकांमुळे असते, म्हणून सुरणाची कापां आधी कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात ठेवावीत आणि हाताला तेल लावून सुरण चिरावा. एकदा मी हे टाळले, आणि वडिलांचा घसा रात्रभर खाजत राहिला. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मी ते विसरलेली नाही.

मासे खाणाऱ्या घरांसाठी दुसरा पदार्थ म्हणजे सुक्या सुंगटांचे, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचे, किसमूर. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यातच पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीत सुकी सुंगटे घेऊन ठेवतात. त्यांची डोकी आणि शेपट्या काढून ती कुरकुरीत भाजावीत. खोवलेले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ हाताने चुरून तयार ठेवावे, आणि सुंगटे वाढण्याच्या क्षणी त्यात मिसळावीत. पाच मिनिटे जरी आधी मिसळली तरी ती मऊ पडतात. पेज असो की आमटी-भात, पावसाळ्यात याच्याइतके चवदार आणि झटपट तोंडीलावणे मला दुसरे माहीत नाही.

*

कवळी असलेल्या आपल्या सासऱ्यांसाठी मेतकूट सुचवावेसे वाटते. माझे वडील ८३ वर्षांचे आहेत. घट्ट, ताज्या दह्यात दोन चमचे मेतकूट, मीठ आणि थोडी साखर घालून फेटावे आणि वर हिंग-मोहरीची फोडणी द्यावी, एवढेच. बाकीच्यांच्या वाटीत बारीक चिरलेला कच्चा कांदा घालते, वडिलांच्या वाटीत नाही. मेतकूट भाजलेल्या डाळींचे असल्यामुळे शिजवण्याचा प्रश्नच नसतो. फेटल्यावर ते पाच मिनिटांत घट्ट होते, म्हणून सुरुवातीला सैलच ठेवावे.

*

धागा सुरू केल्याला तीन आठवडे झाले, म्हणून काय काय करून पाहिले ते सांगते. मेतकूट सासऱ्यांना इतके आवडले की ते आता स्वतःच डबा काढून ठेवतात. मीठ आणि कूट शेवटी घालण्याची सूचना पाळल्यावर आमची काकडी प्रथमच जेवण संपेपर्यंत कोरडी राहिली. मुलीची वाटी मिरची घालण्यापूर्वी बाजूला काढली, आणि तिने दुसऱ्यांदा मागून घेतली. कोबीची पचडी सासऱ्यांना चावली नाही, म्हणून त्यांच्यापुरता कोबी कुकरच्या वरच्या भांड्यात वाफवला. चव बदलली, पण त्यांनी पूर्ण खाल्ला. शेंगदाण्याच्या चटणीत माझे दाणे गार व्हायच्या आत फिरवले गेले आणि लगदा झाला, तो मी दह्यात घालून संपवला.

काल बाजारातून कोवळे पडवळ आणले आहे. त्याची कच्ची कोशिंबीर कोणाकडे होत असेल तर बिया ठेवायच्या की काढायच्या, ते कृपया लिहावे.

*

बिया काढाव्यात, पण टाकू नयेत. पडवळ उभे चिरून आतला मऊ गर बियांसकट काढून घ्यावा, बाकीचे पडवळ शक्य तितके पातळ चिरून त्याला मीठ चोळावे, दहा मिनिटांनी घट्ट पिळावे, आणि मग दही, कूट, चिमूटभर साखर व हिंग-मिरचीची फोडणी द्यावी. पिळल्यानंतरही मीठ पुष्कळ उरते, तेव्हा चाखल्याशिवाय पुन्हा मीठ घालू नये. सासऱ्यांसाठी त्यातलेच थोडे पडवळ भोपळ्यासारखे वाफवून घेता येईल. काढलेला बियांचा गर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतून तीळ, सुके खोबरे, लाल तिखट आणि मिठाबरोबर भरड वाटला, की उद्याच्या रात्रीची चटणी तयार होते.