मार्चमधील मुंबईचा उकाडा: जुना की नवा?

प्रश्न: होळीच्या सुमारासच मुंबईत चाळिशीचा पारा दिसू लागला, की हे पूर्वी असे नव्हते असे सर्रास म्हटले जाते. जुन्या नोंदी काय सांगतात?

उत्तर १: सांताक्रूझ वेधशाळेतील मार्चचा उच्चांक २८ मार्च १९५६ रोजीचा, म्हणजे ४१.७ अंश सेल्सियस आहे. १७ मार्च २०११ रोजी पारा ४१.६ अंशांपर्यंत गेला, तरी तो मोडला नाही. कारण मुख्यतः वाऱ्यात आहे: दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा जमिनीकडून वाहणाऱ्या कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यांमुळे लांबला, की शहर तापत राहते.

उत्तर २: कुलाब्याचे आकडेही पाहावेत, तीन बाजूंनी समुद्र असल्याने तेथे अशा दिवशी तापमान बहुधा कमी असते. किनारपट्टीवर किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश अधिक, हा उष्णतेच्या लाटेचा निकष आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे एका दिवसाच्या उच्चांकावरून बदल ठरवता येणार नाही.

उत्तर १: नाहीच. त्यासाठी दीर्घकालीन सरासरी आणि रात्रीचे किमान तापमान पाहावे. काँक्रीट दिवसाची उष्णता साठवून रात्री सोडते, त्यामुळे शहरीकरणाचा परिणाम तेथे अधिक स्पष्ट दिसतो.