नवीन मालकाने चर खोदून गाडीवाट अडवली, पेरणी कशी करू?

काळीमाय_औसा
रामराम. आमचं रान औसा तालुक्यात आहे. आजेसासऱ्यांचा एकच गट होता. वाटणीत रस्त्याकडचं रान चुलत सासऱ्यांकडं गेलं, मागचं आमच्याकडं. तेव्हापासून धुऱ्याच्या कडेनं गाडीवाट आहे. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मळणी यंत्र, सगळं तिथूनच. यंदा चुलत दिरानं पुढचं रान विकलं. घेणाऱ्यानं अक्षय तृतीया झाल्यावर जेसीबी लावून वाटेत आडवा चर मारला, कमरेइतका खोल, वरून काटेरी तार. म्हणतो, सातबाऱ्यावर रस्ता दाखवा. मिरग लागलाय. मालक वारल्यापासून रान मीच बघते; खताच्या बॅगा काय डोक्यावर नेऊ? कुणी सांगितलं, कलम 143 खाली रस्ता मागा. बरोबर आहे का?

निवृत्त_मंडळ_अधिकारी
ताई, 143 चा अर्ज आत्ता नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं ते कलम ज्याला वाटच नाही त्याच्यासाठी. तहसीलदार बांधावरून नवी वाट देतात. तुमची वाट होती, ती अडवलीय. नवी मागितली की समोरचा म्हणणार, बघा, आधी रस्ता नव्हता हे ह्यांनीच लिहून दिलं.

तुमचा दावा मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली, तहसीलदारांपुढंच. मुदत अडवल्यापासून सहा महिने. सुगी झाल्यावर बघू म्हणाल तर ती हातची जाईल. ह्यात सातबाऱ्यावर रस्ता असलाच पाहिजे असं नाही, वहिवाट दाखवायची.

म्हणून आजच रानात जा. चराच्या दोन्ही अंगांना चाकोऱ्या अजून असतील. काळ्या रानात मोठा पाऊस झाला की त्या पुसल्या. चाकोरी, चर, तार एकाच फोटोत घ्या. वाटणीपत्र, आणि दिराच्या खरेदीखताची नक्कल काढून चतुःसीमेत वाटेचा उल्लेख आहे का बघा. भूमी अभिलेखमधून गटाचा नकाशा घ्या.

पूर्णाकाठ_परभणी
भावकीतल्या पोरांनी चर बुजवतो म्हटलं तर आवरा. आमच्याकडं एकानं रागानं तार तोडली, गुन्हा त्याच्यावरच झाला अन् वाटेचं राहिलं बाजूला. साक्षीला घरची माणसं कमी, तुमचा जुना सालगडी, ट्रॅक्टरवाला, मळणीवाला घ्या. स्थळपाहणीला हजर राहा, चर कुठपर्यंत आहे ते स्वतः दाखवा.

वकील_लातूर
वरचं बरोबर. एक भर घालतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882, कलम 13: एकच मिळकत वाटली गेली आणि एका हिश्शाला दुसऱ्यातून गेल्याशिवाय वाटच नसेल, तर तो गरजेचा हक्क वाटणीबरोबरच येतो. दीर गेला, नवा मालक आला, म्हणून तो संपत नाही. तुमच्या रानाला दुसरीकडून वाट आहे का, हे आधी तपासा. असेल तर हा मुद्दा पडतो. मग कलम 15 उरतं, वीस वर्षं उघड, विनाखंड, हक्कानं वापर. पण ते दिवाणी कोर्टाचं काम, त्याला वेळ लागतो. पेरणीसाठी तहसीलच.

काळीमाय_औसा
दुसरी वाट नाही, मागं ओढा आहे. वाटणीपत्र ट्रंकेत सापडलं, त्यात 'गाडीरस्ता सामाईक' असं लिहिलंय. उद्या तहसीलला जाते. निकाल लागला तर पुन्हा कुणी अडवू नये म्हणून काय करायचं?

निवृत्त_मंडळ_अधिकारी
ते वाक्य असेल तर दावा भक्कम आहे. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, नक्कलच जोडा. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या. आदेश झाला की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात रस्त्याची नोंद करून घ्या. पुढचा खरेदीदार तरी आधी तेच वाचेल.